कापलेल्या पट्टीवरचं नाव

पावसाळ्यात घाटकोपर ते अंधेरी ओल्या कपड्यांनी एसी मेट्रोतून जा-ये केली की नायटा होतोच. मलाही झाला. त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल दिलं. बीपी, शुगर विचारलं. डोकेदुखीच्या गोळीचा विषय निघाला नाही. आपल्याकडे ती औषधात कुठे धरतात?

त्याच आठवड्यात अर्धशिशी उठली. नेहमीची गोळी घेतली, संध्याकाळी आणखी एक. रात्री बोटांना मुंग्या आल्या. सकाळी बघते तर बोटं पांढरीफटक, गार. जिना उतरताना पोटऱ्यांत गोळे. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना मनगटाची नाडी पटकन लागेना. कुठल्या गोळ्या चालू आहेत विचारलं, तर पर्समधून पट्टीचा तुकडा निघाला. केमिस्टने दोनच गोळ्या कापून दिलेल्या. नावाची शेवटची चार-पाच अक्षरं तेवढी उरलेली.

गोळी अर्गोटामिनची होती, सोबत कॅफिन आणि पॅरासिटामॉल. अर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं. एरवी यकृत त्याचा निचरा करतं. इट्राकोनॅझोल नेमका तोच निचरा अडवतं. मग औषध रक्तात साचतं, हातापायांचा रक्तपुरवठा आटतो आणि वेळेत लक्षात आलं नाही तर बोटं काळी पडतात. घशासाठी सर्रास मिळणारं क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, एचआयव्हीवरचं रिटोनाविर यांचंही तसंच. माझ्या दोन्ही गोळ्या बंद करून मला दाखल करून घेतलं. बोटं वाचली.

तेव्हा पट्टी कापून घेताना नावाचा तुकडा मागून घ्या, निदान मोबाइलवर फोटो काढा. केमिस्ट कुरकुरेल, कुरकुरू दे. दाताच्या डॉक्टरलासुद्धा तो दाखवा. हृदयविकार, न आवरलेलं बीपी किंवा गरोदरपण असेल तर अर्गोटामिन नकोच. सुमाट्रिप्टानसारखी गोळी घेतली असेल तर चोवीस तासांत ही घेऊ नये. मुंग्या, गार बोटं, चालताना पोटरी दुखणं असं काही झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी इस्पितळ गाठा. तेल चोळत बसू नका.

आणि महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस ही गोळी लागत असेल, तर डोकं गोळीमुळेच दुखत असण्याची शक्यता असते. मग न्यूरोलॉजिस्टकडे जाऊन झटकाच येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाचं विचारा. प्रोप्रॅनोलॉल लिहून दिलं तर दमा असल्यास आधी सांगा. त्या गोळीने दमा उसळतो.