रोवणीच्या दिवसांतली बीपीची गोळी

मोहाडी तालुक्यातल्या करडी भागात मी आशा म्हणून काम करते. धानाचा पट्टा, बहुतेक घरं मजुरीवर. उच्च रक्तदाबाला इथं सगळे ‘बीपी’च म्हणतात. घरोघरी फिरून जे कळलं, ते सांगते.

१. बीपी दुखत नाही, हीच खरी पंचाईत. ताप आला तर माणूस आपणहून दवाखान्यात येतो. वरचा आकडा १७० असलेली बाई मात्र पऱ्ह्यांचा, म्हणजे धानाच्या रोपांचा, भारा डोक्यावर घेऊन बांधीत जाते आणि विचारते, “मले काहीच होत नाही ताई, गोळी काहून खाऊ?” तिथं पाठ केलेलं उत्तर कामाचं नाही. गावात लकवा मारून खाटेवर पडलेला कोणी ना कोणी असतोच. मी म्हणते, त्यालाही आदल्या दिवसापर्यंत काही होत नव्हतं.

२. मोजायची घाई नको. उन्हातून आलेल्याला पाच मिनिटं पाठ टेकून बसू द्यावं. पाय जमिनीवर, बाही वर सरकवलेली, बोलणं बंद. चहा किंवा खर्रा नुकताच झाला असेल तर अर्धा तास थांबावं. पन्नीत घोटलेला खर्रा गालात नाही असा माणूस आमच्याकडे शोधावा लागतो, बायाही त्यात आल्या. त्यातल्या तंबाखूनं आकडा चढतो. आणि एकदाच १४०/९० च्या वर गेला म्हणून कोणी रोगी ठरत नाही. दुसऱ्या दिवशी परत मोजायचा, मग डॉक्टर ठरवतात. फारच चढलेला असला तर मात्र मी त्याच दिवशी दवाखान्यात पाठवते.

३. गोळी सुटते ती रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत. सकाळी चिखलात उतरलेली बाई संध्याकाळीच वर येते, तोवर दवाखान्याची वेळ संपलेली असते. टोळीनं काम घेतलेलं असलं की एकटीला मागं राहता येत नाही. गोळी फुकट, पण ती आणायला दिवसाची रोजी जाते. हे ओळखणारं काम आमच्या जिल्ह्यानं पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा यांच्यासोबत आमचा भंडाराही पहिल्या टप्प्यात होता. ठरावीक स्वस्त गोळ्या, प्रत्येकाची नोंद, महिन्याच्या गोळ्या एकदम आणि शक्यतो घराजवळच्या केंद्रात. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते त्यातली मोठी गोष्ट एकच: महिन्याची गोळी गावाजवळ मिळणं. साठा संपला की सगळं मुसळ केरात.

४. दिवसभर वाकून कंबर मोडते, मग किराणा दुकानातून दुखण्याची गोळी येते. रोज घेतल्या तर यातल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात, किडनीलाही त्रास देतात. म्हणून “बीपीची गोळी खातेस ना?” याच्याआधी मी विचारते, “कंबरेसाठी काय खातेस?” हे विचारल्याशिवाय गोळी लागू का पडत नाही ते कळत नाही.

५. मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा थोडं कमी. पण ज्या घरात भाजी नसते तिथं भात लोणच्यावर, नाहीतर सुक्या मासोळीवर जातो. भाजीची जागा मीठच घेतं. तिथं पथ्याचा कागद देऊन काय होणार? मी एवढंच सांगते, ताटात वरून मीठ घेऊ नका आणि परसात भाजीचा एखादा वेल लावा.

६. आकडा खाली आला की लोक गोळी बंद करतात. अहो, तो गोळीमुळेच आला! बंद करायची की नाही, ते डॉक्टरांना विचारा.

आता शेतमालकांना एक विनंती. तुमच्या बांधीत रोवणाऱ्या बाईला महिन्यातून एकदा, गोळ्यांच्या दिवशी, दोन तास लवकर सोडा. आणि तिची रोजी कापू नका.