इंग्रजी ऐकून समजणे आणि वाचून समजणे : दोन निराळ्या कसोट्या



भोर व वेल्हे या डोंगरी तालुक्यांतील शाळांस भेटी देताना प्रगतिपुस्तकांतील एक शेरा वारंवार दृष्टीस पडतो : 'इंग्रजी कच्चे'. (वेल्हे तालुक्यास 'राजगड' हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, येथे परिचयाचे जुने नावच ठेविले आहे.) हा शेरा लिहिण्यास क्षणभर पुरतो, परंतु मुलाची पाठ तो वर्षानुवर्षे सोडीत नाही. गावची शाळा संपवून मूल मोठ्या गावच्या विद्यालयात जाते. तेथेही ते मागच्या बाकावर बसते, आणि इंग्रजी हा विषय आपल्यासाठी नव्हेच, अशी त्याची समजूत दृढ होते. म्हणून असा शेरा लिहिण्यापूर्वी एक प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे : या मुलाचे नेमके काय कच्चे आहे? ऐकणे, वाचणे, की वाचलेले समजणे?

या प्रश्नाचे महत्त्व आम्हांस एका लहानशा प्रसंगाने पटले. गडाच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत चौथीच्या वर्गात एका मुलीने पाठ्यपुस्तकातील पूर्ण पान न अडखळता वाचून दाखविले. सर्वांनी कौतुक केले. मग त्याच पानावरील 'रिव्हर' या शब्दावर बोट ठेवण्यास सांगितले, तेव्हा ती गोंधळली. तिला पान पाठ होते. तिच्या शेजारी बसलेल्या मुलाच्या नावापुढे मात्र 'कच्चा' असा शेरा होता. त्याला खरोखरच एक ओळही वाचता आली नाही. सहज म्हणून त्याला तोंडी इंग्रजी आज्ञा दिल्या. त्याने एकामागून एक सर्व आज्ञा बिनचूक पाळल्या. सुटीच्या दिवशी गडाच्या वाटेवर आईबरोबर ताक विकण्यास तो बसत असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांचे बोलणे त्याच्या कानांवर पडत असे. पहिलीला पैकीच्या पैकी गुण होते आणि दुसऱ्यास जेमतेम. दोन्ही मुलांच्या बाबतीत आमची कसोटीच चुकली होती.

पूर्वपीठिका

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचे शिक्षण आठव्या इयत्तेपासून सुरू होत असे, त्यामुळे प्राथमिक शिक्षकास या प्रश्नाची चिंता नव्हती. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली आणि हे काम आपल्या अंगावर पडले. पुढे २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तीत लेखी चाचणीच्या जोडीला दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम आणि कृती यांनाही स्थान मिळाले. म्हणजे मुलाचे ऐकणे तपासण्यास मार्ग खुला झाला. तरीही बहुतेक ठिकाणी इंग्रजीची परीक्षा म्हणजे शब्दांची स्पेलिंगे आणि रिकाम्या जागा, असेच चित्र राहिले.

'असर' या नावाने ओळखली जाणारी पाहणी आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. तीत इंग्रजी वाचनाच्या चार पायऱ्या धरलेल्या असतात : मोठी लिपी, लहान लिपी, सोपे शब्द आणि सोपी वाक्ये. ज्या मुलास शब्द किंवा वाक्ये वाचता येतात, त्यास त्यांचा अर्थही विचारतात. वाचणे आणि समजणे यांची अशी फोड करणे ही या साधनाची मोठी देणगी होय. मात्र ते वाचनापुरते आहे. मुलाच्या कानास काय कळते, हे त्यावरून समजत नाही.

चीनमधील उदाहरण

ज्या देशात इंग्रजी ही घरची भाषा नाही आणि बाजारातही ती कानांवर पडत नाही, तेथे काय करतात, हे पाहणे उपयुक्त ठरेल. चीनमध्ये उच्च माध्यमिक शाळेच्या अखेरीस 'गाओखाओ' नावाची विद्यापीठ-प्रवेश परीक्षा होते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बंद पडलेली ही परीक्षा १९७७ साली पुन्हा सुरू झाली. २०२४ साली तिच्यासाठी सुमारे १ कोटी ३४ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली होती. तेथील राष्ट्रीय नमुन्याच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेस १५० गुण असतात आणि त्यांपैकी ३० गुण केवळ श्रवणाचे असतात. आरंभीचे पाच छोटे संवाद एकदाच ऐकवितात. पुढचे संवाद व निवेदने दोनदा ऐकवितात. वाचनाचे उतारे निराळ्या विभागात येतात.

यावरून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. श्रवण आणि वाचन यांना वेगळे गुण द्यावेत, ही पहिली. एकदा ऐकून कळणे आणि दोनदा ऐकून कळणे यांत फरक मानावा, ही दुसरी. परंतु या पद्धतीत एक उणीवही आहे. श्रवणाचे प्रश्न व उत्तरांचे पर्याय इंग्रजीतच छापलेले असतात. ज्याचा कान तयार आहे पण वाचन मंद आहे, असा विद्यार्थी ऐकण्याच्या विभागातही मागे पडू शकतो. एक कोटीहून अधिक मुलांची परीक्षा एकाच वेळी घ्यावयाची म्हटल्यावर ध्वनिक्षेपक आणि छापील पर्याय यांवाचून त्यांना गत्यंतर नाही.

आपली स्थिती याच्या नेमकी उलट आहे. आपल्या वाड्यावस्त्यांवरील कित्येक शाळांचा पट अवघा दहा-वीस मुलांचा असतो. कमी पट ही आपण नेहमी अडचण म्हणून मांडतो. या एका कामी मात्र ते भाग्य आहे. प्रत्येक मुलास जवळ बसवून, त्याच्या डोळ्यांकडे पाहत, त्याचे ऐकणे व वाचणे तपासणे आपणांस शक्य आहे. एका मुलास दहा मिनिटे धरली, तरी बारा मुलांचे काम दोन सकाळींत उरकते.

ऐकण्याची कसोटी

साहित्य अगदी साधे असावे : एक दगड, दोन-तीन पाने, एक काडी आणि दोन पुस्तके. मुलाने इंग्रजीत बोलण्याची आवश्यकता नाही; त्याने कृती करावी. उत्तर इंग्रजीत मागितले, की ती ऐकण्याची कसोटी न राहता बोलण्याची होते.

प्रथम दोन आज्ञा मराठीत द्याव्यात. आषाढ-श्रावणात पत्र्यावर पाऊस कोसळत असता शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. अशा वेळी ही चाचणी घेऊच नये. शिवाय सर्दीने कान दडलेले किंवा कान फुटलेले मूल वर्गात असू शकते. मराठी आज्ञाही ज्यास ऐकू येत नाही, त्यास इंग्रजीत कच्चे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यास शालेय आरोग्य तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे उभे करावे. ज्या मुलांच्या घरी कातकरी किंवा अन्य बोली बोलतात, त्यांना चाचणीत काय करावयाचे ते आधी करून दाखवावे.

यानंतर आठ इंग्रजी आज्ञा द्याव्यात. त्यांची निवड विचारपूर्वक व्हावी. बस, टेबल, पेन, बुक असे शेकडो शब्द आपल्या मुलांच्या तोंडी आधीच आहेत. त्यांच्या आधारे मूल अंदाज बांधते. 'पुट द स्टोन ऑन द बुक' ही आज्ञा ऐकून मुलाने दगड पुस्तकावर ठेवला, तर त्यास वाक्य समजलेच असे नाही. 'स्टोन' व 'बुक' एवढे दोन शब्द कळले तरी तो तसेच करील. म्हणून लगेच 'पुट द बुक ऑन द स्टोन' असे सांगावे. शब्द तेच, क्रम मात्र उलटा. मराठीत 'पुस्तकावर' म्हणताना 'वर' मागून येतो. इंग्रजीत तो अर्थ सांगणारा शब्द नामाच्या आधी येतो. हा भेद ज्याच्या कानास कळला, त्यास वाक्य कळले. याच रीतीने 'अंडर' हा शब्द घालून आणखी दोन आज्ञा बनविता येतील. 'गिव्ह मी टू लीव्हज', 'गो टु द डोअर अँड कम बॅक' अशाही काही असाव्यात.

आज्ञा देताना वस्तूकडे पाहू नये व हातवारे करू नयेत. मुले आपली नजर वाचण्यात मोठी तरबेज असतात. आज्ञा नेहमीच्या गतीने एकदा सांगावी. न कळल्यास आणखी एकदाच सांगावी. पहिल्या वेळी बरोबर केल्यास दोन गुण व दुसऱ्या वेळी केल्यास एक गुण द्यावा.

आपल्या उच्चारांविषयीही प्रामाणिक असले पाहिजे. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा पाळला जात नाही. त्यामुळे 'शिप' आणि 'शीप' हे आपल्या तोंडून पुष्कळदा सारखेच निघतात. मग मुलाने मेंढीच्या चित्रावर बोट ठेवले तर दोष त्याचा कसा? मोबाइलवर चांगल्या उच्चारांचे ध्वनिमुद्रण आधी उतरवून ठेवावे. खोऱ्यात संपर्क नसला तरी ते चालते. काही आज्ञा त्यावरून ऐकवाव्यात व काही स्वतः द्याव्यात.

वाचण्याची कसोटी

येथेही आरंभ मराठीनेच करावा. ज्यास मराठी परिच्छेद वाचता येत नाही, त्याची अडचण इंग्रजीपूर्वीची आहे. तेथे आधी मराठी वाचनाकडे लक्ष दिले पाहिजे.

पाठ्यपुस्तकातील पाठ चाचणीस घेऊ नये. त्यातील परिचित शब्द घेऊन नवी वाक्ये रचावीत. मार्गदर्शिकांमध्ये इंग्रजी शब्दांखाली देवनागरीत उच्चार छापलेले असतात, आणि मुलेही पुस्तकात शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने 'कॅट', 'डॉग' असे लिहून ठेवतात. असे पुस्तक हाती दिल्यास मूल देवनागरी वाचते आणि आपण त्यास इंग्रजीचे गुण देतो. म्हणून कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत तीन पत्रे स्वतः तयार करावीत.

पहिल्या पत्रावर दहा शब्द असावेत. त्यांपैकी पाच शिकविलेले असावेत, व पाच त्याच घडणीचे पण न शिकविलेले असावेत. 'कॅट' पाठ असलेले मूल 'मॅट' वाचते काय, यावरून त्यास अक्षरांचे ध्वनी कळले की केवळ शब्दाचे रूप लक्षात राहिले, ते उघड होते. दुसऱ्या पत्रावर चार सुटी वाक्ये असावीत. ती शेवटच्यापासून वाचावयास सांगावीत. तिसऱ्या पत्रावर चार-पाच वाक्यांचा उतारा असावा. मुलाने तो मनात वाचावा आणि आपण मराठीत विचारलेल्या प्रश्नांची मराठीतच उत्तरे द्यावीत.

उताऱ्यात एखादी अनपेक्षित गोष्ट अवश्य असावी. 'द गोट इज ऑन द रूफ' असे वाक्य घालावे आणि 'शेळी कोठे आहे?' असे विचारावे. अंदाजाने सांगणारे मूल 'झाडाखाली' किंवा 'गोठ्यात' म्हणेल. ज्याने खरोखर वाचले ते हसून 'छपरावर' म्हणेल. ते हसू हीच आपली पावती समजावी.

नोंद आणि पुढील उपाय

प्रत्येक मुलाच्या नावापुढे तीन रकाने आखावेत : ऐकून अर्थ कळतो, मोठ्याने वाचता येते, वाचून अर्थ कळतो. त्यांची बेरीज करू नये. बेरीज केली, की जे शोधून काढले ते पुन्हा झाकले जाते.

ज्याचा पहिला रकाना भरलेला व उरलेले दोन रिकामे आहेत, त्याच्याजवळ भाषा आहे, लिपी नाही. त्याच्याच ओळखीची वाक्ये फळ्यावर लिहून त्यास वाचावयास शिकवावे. त्याची प्रगती लवकर दिसू लागते. ज्याचा केवळ मधला रकाना भरलेला आहे, ते मूल सर्वांत फसवे. वर्षभर सर्वांनी त्याची स्तुती केलेली असते. त्याचे पाठांतर काही काळ थांबवून आज्ञा, चित्रे व प्रत्यक्ष वस्तू यांच्या साहाय्याने अर्थाचे काम करावे. ज्यास वाचून कळते पण ऐकून कळत नाही, त्यास रोज पाच मिनिटे ऐकावयास द्यावे. ज्याचे तिन्ही रकाने रिकामे आहेत, त्यास इतरांबरोबर ओढीत न नेता पहिल्यापासून आरंभ करून द्यावा. मात्र आरंभ कानापासून व्हावा, स्पेलिंगापासून नव्हे.

ही चाचणी वर्षातून तीन वेळा पुरे : जूनअखेर, दिवाळीच्या सुटीनंतर आणि फेब्रुवारीत. प्रत्येक वेळी वाक्ये बदलावीत. मुलास उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरविण्यासाठी ती नाही. उद्या सकाळी त्यास काय शिकवावयाचे, हे आपणांस कळावे एवढाच तिचा हेतू आहे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. आपल्या वर्गातील किती मुलांचा केवळ मधला रकाना भरलेला आढळला? त्यांच्या पूर्वीच्या नोंदी काय होत्या?

२. आपल्या गावातील मुलांच्या तोंडी आधीच असलेल्या पन्नास इंग्रजी शब्दांची यादी करा. ते शब्द वगळून चार आज्ञा तयार करा.

३. स्वतः तयार केलेली तीन पत्रे परिषदेस सोबत आणावीत व शेजारच्या शाळेशी त्यांची अदलाबदल करावी.

४. 'इंग्रजी कच्चे' या शेऱ्याऐवजी प्रगतिपुस्तकात कोणते वाक्य लिहावे, म्हणजे पुढील वर्षीच्या शिक्षकास त्याचा उपयोग होईल?