गहू सोडण्याआधी

माझी चूक आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायला कोणाला वेळ नसला तरी तेवढी पोचेल. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होते त्या सिलिअॅक आजाराच्या तपासण्या पुऱ्या व्हायच्या आत मी गहू बंद केला. त्या घाईपायी माझं निदान दीड वर्ष लांबलं.

सुरुवात रक्त कमी होण्यापासून झाली. हिमोग्लोबिन 8 च्या वर सरकेना. वर्षभर लोहाच्या गोळ्या घेतल्या, खजूर झाले, अळिवाचे लाडू झाले, सगळा दोष पाळीवर टाकून झाला. तोंड सारखं यायचं, जेवलं की पोट टम्म फुगायचं. जुलाब मात्र नव्हते, म्हणून आतड्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी आयजीए ही रक्ततपासणी करायला लावली. लॅबची मर्यादा 10, माझा आकडा 14. "काठावर आहे, एंडोस्कोपी करून खात्री करू," ते म्हणाले.

मला एंडोस्कोपीची भीती वाटत होती. मी तारीख पुढे ढकलत राहिले. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "अगं, महिनाभर गहू सोडून तर बघ." त्यांचा जीव तुटत होता माझ्यासाठी. मी सोडला. ज्वारीची भाकरी, नाचणी, वरणभात. तीन आठवड्यांत पोट हलकं झालं आणि मला वाटलं, उत्तर सापडलं.

चार महिन्यांनी एंडोस्कोपी झाली. गहू चालू आहे का, हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. लहान आतड्याचे दोनच तुकडे काढले होते. रिपोर्टवर 'मार्श 1': अस्तरात लिम्फोसाइट पेशी वाढलेल्या, पण अन्न शोषणारे बारीक उंचवटे शाबूत. असं चित्र पोटातल्या जंतुसंसर्गाने दिसतं, दुखण्यावरच्या गोळ्यांनीही दिसतं. रक्तातली टीटीजी तर आता नॉर्मल. आजार आहे असं म्हणता येईना, नाही असंही म्हणता येईना.

दुसऱ्या डॉक्टरांनी फाईल उघडली आणि पहिला प्रश्न केला, "बायोप्सीच्या वेळी पोळी खात होतात का?" मी नाही म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी समजावलं ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. या तपासण्या ग्लुटेनवर शरीर काय प्रतिक्रिया देतं ते मोजतात. ग्लुटेनच बंद केलं की प्रतिपिंडं उतरतात, अस्तर भरून यायला लागतं आणि पुरावा पुसला जातो. गहू सोडून बरं वाटणं हाही पुरावा नव्हे, कारण गव्हातल्या काही कर्बोदकांनीसुद्धा पोट फुगतं, त्यांचा सिलिअॅकशी संबंध नसतो. टीटीजीबरोबर एकूण आयजीए मोजायला हवं. ते शरीरात मुळातच कमी असेल तर टीटीजी खोटी नॉर्मल येते, मग आयजीजीच्या तपासण्या कराव्या लागतात. माझं ठीक होतं. डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जनुकं नसतील तर सिलिअॅक जवळजवळ बाद होतो, पण असली तर काही सिद्ध होत नाही. कितीतरी निरोगी माणसांत ती असतात. माझ्यात डीक्यू2 निघालं.

उरला एकच मार्ग: पुन्हा गहू खाणं. रोज दोन पोळ्या, आठ आठवडे. हे मनाने करू नका. लहान मुलं, गरोदर बायका, फार अशक्त झालेली माणसं यांनी तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय मुळीच नाही. पाचव्या दिवशी माझं तोंड आलं. तिसऱ्या आठवड्यात जिना चढताना मध्ये बसावं लागायचं. आपल्याला बाधतो तो घास समोर घेऊन बसायचं, यासारखी शिक्षा नाही, आणि ती मी स्वतःच ओढवून घेतली होती.

आठव्या आठवड्यानंतर टीटीजी मर्यादेच्या कितीतरी पट वर गेली. या वेळी सहा तुकडे काढले, त्यातले दोन लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागातले, कारण इजा सगळीकडे सारखी नसते. मार्श 3. उंचवटे झिजलेले.

"एवढा खटाटोप कशाला? बरं वाटतंय ना, मग नका खाऊ गहू," असं पुष्कळांनी सांगितलं. पण अंदाजावर माणूस सणावारी पुरणपोळी खातो, हिंगाच्या डबीत बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं हे त्याच्या गावीही नसतं, थालीपीठाच्या भाजणीत गहू आहे का हे विचारत नाही. शिवाय निदान पक्कं झाल्यावर माझी हाडांची घनता तपासली गेली, ती कमी निघाली. अंदाजावर राहिले असते तर ते कळलंच नसतं. आणि हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो, म्हणून आईवडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करायला सांगतात.

माझ्या भाचीची उंची दोन वर्षांपासून वाढत नाहीये. गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला, "ताई, आजपासून हिचा गहू बंद करते." मी म्हटलं, "थांब. आधी तपासण्या पुऱ्या होऊ देत." परवा तिचं रक्त घेतलं, बायोप्सी लागेल का ते रिपोर्ट पाहून ठरेल. तोवर डब्यात रोज पोळीभाजीच जाते आहे.