नोंदीपूर्वीची पाहणी : 'गिट स्टेटस'

पाठसंपादन करणाऱ्याला 'यातली शेवटची प्रत कोणती?' हा प्रश्न नवा नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कोडसाठी (आपण संहिताच म्हणू) गिट रचले. त्यातली 'गिट स्टेटस' ही आज्ञा फायलींत काही बदलत नाही. त्यांची स्थिती तेवढी सांगते.

उत्तरात तीन गट दिसतात : नोंदीसाठी निवडलेले बदल, केलेले पण न निवडलेले बदल, आणि गिटला अपरिचित फायली. मेख अशी की एकच फाइल पहिल्या दोन्ही गटांत असू शकते. एका पोथीचे लिप्यंतर करताना मी फाइल 'अ‍ॅड' केली, मग एका ओवीतला पाठ सुधारला आणि तशीच 'कमिट' केली. नोंदीत जुनाच पाठ गेला; विद्यार्थ्याने तोच पुढे उतरवला. 'अ‍ॅड' त्या क्षणीचा मजकूर उचलते, नंतरचा नव्हे.

'गिट स्टेटस -एस' दिल्यास दोन रकाने येतात. डावा निवडलेल्याचा, उजवा न निवडलेल्याचा. दोन्हींत 'एम' असेल तर पुन्हा 'अ‍ॅड' करावे. कोणता शब्द बदलला हे मात्र येथे कळत नाही. न निवडलेला फरक 'गिट डिफ' दाखवते, निवडलेला 'गिट डिफ --स्टेज्ड'.