दुय्यम नामसर्व्हर कशासाठी?

जाळ्यातील संगणक परस्परांस अंकरूप पत्त्यांनी ओळखतात. माणसाच्या स्मरणात मात्र नावे राहतात. नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. पॉल मॉकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये आखली.

मुख्य सर्व्हरवर नावांची मूळ नोंदवही असते. सर्व फेरफार तीतच करावयाचे. दुय्यम सर्व्हर तिची प्रत बाळगतो. ठरावीक काळाने तो मूळ नोंदवहीचा अनुक्रमांक पाहतो व तो वाढलेला आढळल्यास नवी प्रत उतरवून घेतो. म्हणून प्रत्येक फेरफाराबरोबर अनुक्रमांक वाढवावा. अन्यथा दुय्यम सर्व्हर जुनीच उत्तरे देत राहील.

एक सर्व्हर बंद पडला तरी दुसऱ्याने उत्तर द्यावे, हा या योजनेचा हेतू होय. परंतु दोन्ही एकाच राउटरमागे असतील, तर तो हेतू साधत नाही. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही नामसर्व्हर एकाच उपजाळ्यावर होते. राउटरच्या मांडणीतील एका चुकीने ते एकदमच दिसेनासे झाले आणि संकेतस्थळे चालू असूनही लोकांस सापडेनात.

तेव्हा दुय्यम सर्व्हर दूरच्या ठिकाणी, वेगळ्या जाळ्यावर व वेगळ्या वीजपुरवठ्यावर ठेवावा; आणि मुख्य सर्व्हर थोडा वेळ बंद करून नावे सापडतात ना, हे पडताळून पाहावे.