रबर प्लांट घरात ठेवायचं, तर मारेगावात खर्च किती?

आधी आकडा. वणी किंवा यवतमाळच्या नर्सरीतून आणलेलं फूट-दीड फुटाचं रोप, मातीची कुंडी, माती-खत आणि वर्षभराची देखभाल धरून ४०० ते ६०० रुपयांत काम भागतं. त्याहून जास्त गेले तर ते झाडावर नाही, कुंडीच्या देखणेपणावर गेले असं खुशाल समजा. पुढचे भाव अंदाजाचे आहेत. नर्सरी आणि मोसम बदलला की तेही बदलतात.

पिशवीतलं लहान रोप १०० ते २०० रुपयांना मिळतं. तीन फुटी झाड ४०० ते ८०० सांगतात आणि वर ते गावापर्यंत आणायचा खर्च वेगळा. लहानच घ्या. भरपूर उजेड मिळाला तर ते वर्षाला फूटभर तरी वाढतं, शिवाय एसटीत मांडीवर बसतं. गडद हिरव्या पानांचं साधं झाड सगळ्यात चिवट. काळपट पानांचं ‘बरगंडी’ही चांगलं टिकतं. पांढरे-गुलाबी पट्टे असलेलं ‘टिनेके’ महाग असून त्याला उजेड जास्त लागतो, आणि आपल्याकडच्या गरम वाऱ्यात त्याच्या पानांच्या कडा आधी करपतात. रोपांवर आणि साध्या मातीच्या कुंड्यांवर जीएसटी नाही. बिलात या दोन वस्तूंवर तो लावलेला दिसला तर विचारा.

खरेदी जुलै-ऑगस्टमध्ये करावी. नवतप्यात बसच्या खिडकीशी धरून आणलेलं रोप घरी पोचेपर्यंत अर्धं भाजलेलं असतं. घेताना शेंड्याला लालसर टोकदार कोंब आहे का ते बघा. त्याच आवरणातून नवं पान उलगडतं. पान उलटून खालची बाजू तपासा. दाट दिसावं म्हणून कधी एकाच पिशवीत दोन-तीन रोपं लावलेली असतात. ती पुढे एकमेकांचं खातात. वेगळी करायची असतील तर दोन कुंड्यांचा खर्च धरा.

‘हे झाड खोलीतली हवा शुद्ध करतं’ म्हणून कोणी पन्नास रुपये जास्त मागितले तर देऊ नका. घरातल्या झाडांबद्दलचा हा दावा नासाच्या १९८९च्या प्रयोगांवरून पसरला आणि ते प्रयोग बंद पेटीत झाले होते. दारं-खिडक्या असलेल्या घरात तेवढाच परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असा हिशेब २०१९च्या एका आढाव्यात निघाला. झाड देखणं आहे, एवढं कारण पुरे.

माती-खतावर मारेगावात खर्च करायची गरजच नाही. फक्त नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरून बसते, वाळली की भेगा पडतात आणि दोन्ही वेळी मुळंच मरतात. एक वाटा काळी माती, एक वाटा बांधकामावरून मागून आणलेली रेती, एक वाटा पुरतं कुजलेलं शेणखत. आठ इंची मातीची कुंडी ८० ते १५० रुपयांना मिळेल. तळाला भोक हवंच. दोन वर्षांनी दहा इंची घ्या. पहिल्याच दिवशी मोठी कुंडी घेतली तर पैसे वाया जातात आणि मुळंही कुजतात.

झाड मरतं ते बहुधा जास्त पाण्याने. माती दोन पेरं खोल बोट घालून बघावी. कोरडी लागली तरच पाणी. उन्हाळ्यात ही वेळ आठवड्यातून दोन-तीनदा येईल, हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी. खालची पानं पिवळी पडून गळू लागली तर पाणी वाढवू नका, आधी बोट घाला. बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर येतो, म्हणून पावसाळ्यात एक-दोनदा कुंडी सरीखाली ठेवून क्षार धुऊन काढा. आरओचं वाया जाणारं पाणी घालू नका, त्यात क्षार आणखी दाट असतात. ताटलीतलं पाणी आठवड्याला ओता, नाहीतर डासांची सोय होते.

जागा पूर्वेच्या खिडकीची. कूलरच्या झोतासमोर नको, पश्चिमेच्या उन्हातही नको. चिकाचं झाड घरात नको असं वडीलधारे म्हणाले तर छपरीत ठेवा, झाडाचं काही बिघडत नाही. चीक मात्र खरोखर सांभाळण्यासारखा आहे: त्वचेला खाज येते, डोळ्यात गेला तर आग होते, कपड्यावरचा डाग जात नाही. लहान मुलं आणि मांजर असेल तर कुंडी उंचावर. घराच्या भिंतीशी जमिनीत तर कधीच लावू नका. मेघालयात याच झाडाच्या जिवंत मुळांचे माणसं ये-जा करतील असे पूल विणतात. आपल्या नालीची काय कथा!

पानांच्या बेचक्यात कापसाच्या बोळ्यासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापूस पिकवणाऱ्या घरात त्याची ओळख करून द्यायला नको. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. मग ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारा. खर्च शून्य, तयार निंबतेल घेतलं तर शंभर-दीडशे. शेतातल्या फवारणीची उरलेली बाटली मात्र घरात उघडू नका. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २०च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, तेही उघड्या रानात. बंद खोलीत एका कुंडीसाठी तो धोका कशाला?

रोप ऑनलाइन मागवलं तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा. मेलेलं निघालं आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

दुसरं झाड विकत घेऊ नका. पावसाळ्यात जोमदार फांदीची इंचभर साल गोल काढा, चीक पुसा, ओलं शेवाळ किंवा कोकोपीट लावून वर प्लास्टिक घट्ट बांधा. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून मुळं दिसली की खालून कापून कुंडीत लावा. खर्च वीस-तीस रुपये, आणि कापलेल्या जागेखाली मूळ झाडाला नव्या फांद्या फुटतात.