परदेशातलं एक सेमिस्टर : तयारी इथे, परीक्षा तिथे

"मॅडम, हिचं वर्ष तर वाया जाणार नाही ना?"

समोर बसलेले गृहस्थ कराडजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मुलगी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात एक सेमिस्टर शिकण्याच्या संधीची सूचना कॉलेजात लागली होती आणि पोरीने अर्ज करायचं मनाशी पक्कं केलं होतं. वडिलांच्या हातात वहीचं एक पान होतं, त्यावर त्यांनी प्रश्न लिहून आणले होते. त्यातला हा पहिला.

विद्यार्थ्यांना या वाटेवर मदत करताना मी अनेक पालकांना भेटते. बहुतेक जण आधी जेवणाचं, थंडीचं, सुरक्षिततेचं विचारतात. त्या काळज्या खऱ्या आहेत, पण मुलं महिनाभरात त्यातून मार्ग काढतात. वर्ष वाया जाण्याचा प्रश्न मात्र तिथे गेल्यावर सुटत नाही. तो निघण्याआधी, इथेच, कागदावर सोडवावा लागतो. म्हणून या लेखात त्यावरच जास्त भर देते.

एक्स्चेंज म्हणजे नक्की काय?

दोन विद्यापीठांमध्ये सामंजस्य करार झालेला असतो. विद्यार्थी फी आपल्याच कॉलेजात भरतो, तिथली शिक्षण फी सहसा माफ असते आणि तिथे मिळवलेली क्रेडिट्स इथल्या पदवीत धरली जातात. पदवी इथलीच मिळते.

ही माफी किती मोलाची, ते कार्ल्सरूहेचंच उदाहरण घेऊन पाहू. हे शहर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं. बाहेरून येणाऱ्यांकडून शिक्षण फी न घेण्याबद्दल जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं ओळखली जातात. पण या राज्याने २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो फी लावली. कराराखाली एक्स्चेंजला आलेल्यांना ती भरावी लागत नाही.  

'सेमिस्टर अब्रॉड' या नावाने काही खासगी कार्यक्रमही विकले जातात. तिथे पूर्ण फी भरावी लागते आणि क्रेडिट्स इथे धरली जातीलच असं नाही. म्हणून कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय संबंध विभागात जाऊन पहिला प्रश्न विचारा : आपल्या कॉलेजचा या विद्यापीठाशी करार आहे का आणि तो आज चालू आहे का?

दोन देश, दोन वेळापत्रकं

आपल्याकडे विषम सेमिस्टर साधारण जुलै ते नोव्हेंबर चालतं आणि सम सेमिस्टर जानेवारी ते मे. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र ऑक्टोबर ते मार्च. तासिका ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात, फेब्रुवारीच्या मध्याला संपतात आणि परीक्षा त्यानंतर असतात. उन्हाळी सत्र एप्रिल ते सप्टेंबर. दोन्ही वेळापत्रकं कुठूनही जुळत नाहीत. हिवाळी सत्राला गेलेला विद्यार्थी परत येतो तोवर इथलं पुढचं सेमिस्टर दोन महिने पुढे गेलेलं असतं.

कराडच्या त्या शिक्षकांच्या मुलीने, म्हणजे आमच्या विद्यार्थिनीने, पाचवं सेमिस्टर निवडलं. सहाव्या सेमिस्टरच्या सुरुवातीची हजेरी आणि पहिली अंतर्गत चाचणी यांचं काय, हे तिने विभागप्रमुखांशी बोलून लेखी घेतलं. चाचणी मार्चमध्ये देण्याची परवानगी मिळाली. सातवं सेमिस्टर तिने मुद्दाम टाळलं. कॅम्पस प्लेसमेंट बहुतेक ठिकाणी तेव्हाच सुरू होतात आणि मुलाखतीच्या दिवशी विद्यार्थी परदेशात असेल, तर कंपनी त्याच्यासाठी थांबत नाही.

त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच हालचाल सुरू करायला हवी. अर्ज, निवड, व्हिसा, राहण्याची जागा यांत वर्ष कसं निघून जातं ते कळत नाही.

विमानाच्या तिकिटाआधी लर्निंग अॅग्रीमेंट

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे लर्निंग अॅग्रीमेंट. तिथे कोणते विषय शिकणार आणि ते इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार, याचा हा तक्ता. त्यावर विद्यार्थी आणि दोन्ही संस्था अशा तिघांच्या सह्या असतात.

हा तक्ता करताना क्रेडिटचा हिशोब समजून घ्या. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाला ६० क्रेडिट्स असतात, म्हणजे सेमिस्टरला ३०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात आणि त्यात वर्गाबरोबर घरचा अभ्यासही येतो. आपल्याकडे क्रेडिट मुख्यतः वर्गातल्या तासांवर मोजतात. त्यामुळे "तिथले सहा म्हणजे इथले सहा" असं गृहीत धरू नका. इथल्या विभागाकडून रूपांतर लिहून घ्या.

आमच्या मुलीची चूक इथेच झाली. ती तिथे पोचल्यावर एका विषयाची वेळ दुसऱ्याशी जुळेना. तिने तो बदलून दुसरा घेतला आणि इथे फोनवर कळवलं. परत आल्यावर कॉलेजने तो विषय धरला नाही, कारण बदलाला लेखी मान्यता नव्हती. तो एक पेपर तिला सहाव्या सेमिस्टरच्या अभ्यासासोबत इथे पुन्हा द्यावा लागला. वर्ष वाया गेलं नाही, पण ते दोन महिने फार ओढाताणीचे गेले. म्हणून विषय बदलला, तर त्याच दिवशी ईमेल करा आणि सुधारित कागदावर सह्या घ्या.

पैशांचा हिशोब

शिक्षण फी माफ झाली तरी खर्च असतोच : विमानभाडं, खोलीचं भाडं, जेवण, आरोग्य विमा आणि विद्यापीठाचं सत्रशुल्क. हे शुल्क छोटं असतं आणि अनेक ठिकाणी त्यात स्थानिक बस-ट्रामचा पासही येतो. भाडं हा सगळ्यात मोठा खर्च. विद्यार्थी वसतिगृहात खोली स्वस्त मिळते, पण रांग मोठी असते. म्हणून प्रवेशपत्र हातात पडलं की त्याच दिवशी खोलीसाठी अर्ज करा.

व्हिसासाठी निर्वाहाचा पैसा दाखवावा लागतो. त्यासाठी बहुतेक जण जर्मनीत 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडतात : पैसे एकदम भरायचे आणि तिथे गेल्यावर दरमहा ठरलेली रक्कमच काढायची. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा दरमहा ९९२ युरो आहे, म्हणजे सहा महिन्यांना ५,९५२ युरो. रक्कम वेळोवेळी वाढते, तेव्हा अर्ज करण्याआधी जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा आकडा पाहा. पैसा बुडत नाही, तो मुलांच्याच खर्चाला येतो. पण सुरुवातीला एकरकमी उभा करावा लागतो, हे घरात आधीच बोला.

शिष्यवृत्तीसाठी डाड ही जर्मन संस्था आणि युरोपीय संघाचा इरॅस्मस प्लस कार्यक्रम या दोन्हींची चौकशी करा. इरॅस्मसचं अनुदान दोन विद्यापीठांमध्ये त्यासाठीचा करार असेल तरच मिळतं. पार्ट-टाइम कामाच्या भरवशावर मात्र निघू नका. सहा महिन्यांत नवी भाषा, नवा अभ्यास आणि काम हे तिन्ही निभावणं कठीण आहे.

तिथे पोचल्यावर

आमच्या विद्यार्थिनीने निघण्याआधी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचे प्राथमिक वर्ग केले होते. विषय इंग्रजीत होते, तरी त्या जर्मनचा उपयोग पहिल्या आठवड्यातच झाला. जर्मनीत घर घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत महापालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ही नोंद झाल्याशिवाय पुढची बरीच कामं अडतात.

ती शनिवारी संध्याकाळी पोचली. रविवारी दुकानं बंद असतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तो दिवस आईने बांधून दिलेल्या थालीपिठाच्या भाजणीवर निघाला. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात तिने थालीपीठ लावलं, तेव्हा शेजारच्या खोलीतली मुलगी वासाने बाहेर आली. तिथली तिची पहिली ओळख ती.

अभ्यासाची रीत तिला जास्त जड गेली. बहुतेक तासांना हजेरी नाही, अंतर्गत गुण नाहीत. परीक्षेसाठी मुदतीत स्वतः नोंदणी करायची; विसरलात तर परीक्षेला बसता येत नाही. आणि अनेक विषयांचा सगळा निकाल शेवटच्या एकाच परीक्षेवर.

कंपनशास्त्राची तिची परीक्षा तोंडी होती. समोर प्राध्यापक, शेजारी टिपणं घेणारे एक सहायक. यंत्राचं कंपन कमी कसं कराल, असा प्रश्न आला. तिने पाठ केलेलं सूत्र म्हणायला सुरुवात केली. प्राध्यापकांनी कोरा कागद आणि पेन तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाले, आधी चित्र काढा. तिने स्प्रिंग, वस्तुमान, डॅम्पर काढलं. एका बाणाची दिशा चुकली. "नक्की?" एवढंच त्यांनी विचारलं. ती अर्धा मिनिट कागदाकडे बघत राहिली, मग स्वतःच बाण खोडून उलटा काढला आणि तो का उलटा, ते समजावून सांगितलं.

निकालात २.० आले. फोनवर आकडा ऐकून वडील गप्पच झाले. दहापैकी दोन, असंच त्यांना वाटलं. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० ला उत्तीर्ण आणि ५.० म्हणजे नापास. २.० म्हणजे चांगला निकाल! पालकांनो, निकाल हाती येण्याआधी ही उलटी मोजपट्टी समजून घ्या.

करिअरला काय मिळतं?

नुसत्या परदेशाच्या शिक्क्यावर नोकरी मिळत नाही. मुलाखतीत विचारतात ते तिथे काय केलं हे. एक नीट केलेला प्रोजेक्ट, ओळखणारा एखादा प्राध्यापक आणि तिथली गुणपत्रिका यांची किंमत मोठी आहे. पुढे परदेशात मास्टर्स करायचं असेल, तर तिथल्या पद्धतीत आपण टिकतो का, याची परीक्षा दोन वर्षांच्या कर्जाआधीच होऊन जाते. तिथे मन रमलं नाही, तर तेही वेळेवर कळतं.

आमच्या मुलीने लगेच मास्टर्सला न जाण्याचं ठरवलं. कॅम्पस मुलाखतीत तिला गाडीच्या आवाजाबद्दल प्रश्न आला, तेव्हा तिने कोरा कागद मागून घेतला आणि आधी चित्र काढलं. आज ती चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या कंपनांच्या चाचण्या करते.

पालकांसाठी

रोज फोन कराच, पण प्रत्येक अडचण इथून सोडवायला जाऊ नका. पत्त्याची नोंद, विमा, परीक्षेची नोंदणी ही कामं मुलांना स्वतः करू द्या. जाण्याआधी लर्निंग अॅग्रीमेंट स्वतः वाचा. इंग्रजीत अडलं तर मुलांना मराठीत समजावून सांगायला लावा. त्यांना ते सांगता आलं नाही, तर त्यांनाही ते पुरतं समजलेलं नाही.

मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या वर्षात असेल, तर याच महिन्यात कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारा : करार चालू आहे का, कोणत्या सेमिस्टरला जाता येतं आणि क्रेडिट्स कशी धरली जातात? उत्तरं लेखी मागा. कराडच्या त्या गुरुजींनी वहीच्या पानावर पहिल्या प्रश्नाखाली चार ओळी मोकळ्या सोडल्या होत्या. वर्षभर ते पुण्याला आले की विचारून त्या भरत गेले. लेक विमानात बसली, तेव्हा त्यातली एकही ओळ कोरी नव्हती.